लाइट गेल्यावर अक्का जे बोलली

यंदाच्या एप्रिलमधला शेवटचा रविवार. रक्कम बावीस हजार. हजर घरचे तिघे: मी, माझी बायको आणि माझी थोरली बहीण, अक्का. घरात इन्व्हर्टर बसला तो हा दिवस. पण गोष्ट आठवडाभर आधीची आहे.

त्या संध्याकाळी आमच्या कमरीपेठेतली लाइट गेली. लाइट गेली की मी आधी फ्रिजचं बटण बंद करतो, कारण करंट परत येतो तो दणक्यात. मग उंबऱ्यापाशी जाऊन बसतो. अक्का तिथे असतेच. तिची सगळी नोकरी अळणावर गावच्या शाळेत झाली, राहायची एकटीच. निवृत्तीनंतर घसरून पडली, तेव्हा मी तिला इकडे आणलं. तिचं कौलारू घर तिकडे बंद आहे. आमच्याकडे ती फारशी बोलत नाही. काय हवं विचारलं, तर "काही नको." अंधारात मात्र बोलते.

"पावसाच्या आत कौलं चाळून घ्यावीत म्हणते," ती म्हणाली. "आणि तिकडेच राहावं."

मी लगेच मजुरी, फुटकी कौलं, वाशांची वाळवी सगळं मांडलं.

"ह्यांना अंधारातसुद्धा बेरीज दिसते हो अक्का," बायको म्हणाली.

अक्का हसली. "पैसे ठेवलेत रे मी बाजूला."

"पैशाचं नाही गं. तिकडे रोज लाइट जाते. अंधारात परत पडलीस तर?"

"मी काय अंधारात पडले होते? भर दुपारी पडले."

तेवढ्यात लाइट आली. गल्लीत आरडाओरडा झाला, पंखा फिरू लागला. मी फ्रिज लावून परत आलो, तर अक्का आत कोथिंबीर निवडत होती.

"काय म्हणत होतीस?"

"इरली बिडो," ती म्हणाली. राहू दे, असं तिने कन्नडात म्हटलं की विषय संपला.

मी मात्र अंधारालाच धरून बसलो. दुसऱ्याच दिवशी इन्व्हर्टर सांगून आलो आणि घरात म्हणालो, "अक्कासाठी."

आता लाइट गेलेली कळतही नाही. उंबऱ्यापाशी कोणी बसत नाही. पाऊस लागला, कौलं तशीच राहिली. मी तिला पुन्हा विचारलेलं नाही. उजेडात ती "काही नको" म्हणेल, आणि मलाही तेच सोयीचं आहे.

त्या रविवारी बिल माझ्या हातात आलं आणि अक्का आतून नोटा घेऊन आली.

"माझ्यासाठी आणलास ना? मग मीच देणार."

मी नको नको म्हणत राहिलो. तिच्याजवळ अठरा हजार होते. वरचे चार मी घातले. बसवायला आलेल्या माणसाने नोटा दोनदा मोजल्या. कौलांचे पैसे असे त्याच्याकडे गेले.