खोक्यातलं वल्हं

बाबांचा उजवा खांदा गेला आणि त्यांच्या होडीला गिऱ्हाईक लागलं. कशेळीच्या खाडीत जन्म काढलेला माणूस, शेवाळलेल्या धक्क्यावरून घसरला आणि खांदा निखळला. बसवला, पण पूर्वीसारखा झाला नाही. सागाचं वल्हं जरा वेळ मारलं की हात लुळा पडायचा. पलीकडच्या काठावरचा एक ओळखीचा माणूस होडी बघून गेला आणि पुढच्या रविवारी घेऊन जातो म्हणाला. बाबा नुसतं "बरं" म्हणाले. भांडले असते, शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं; त्या "बरं"चा मला संताप आला.

ही नव्वदनंतरची गोष्ट. मी तेव्हा धामणकर नाक्याजवळच्या एका लूम कारखान्यात कापड तपासायला होते. लूमवरून उतरलेला तागा टेबलावर पसरायचा आणि पिक ग्लास लावायची. पिक ग्लास म्हणजे घडी होणारी छोटी काच. खाली इंचभर चौकट, वर भिंग. एका इंचात किती धागे बसलेत ते त्यातून मोजता येतं. धागे विरळ निघाले की तागा बाजूला. माझ्या टेबलावरून विरळ माल सुटत नाही अशी माझी ख्याती होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

त्याच सुमाराला कारखान्यात परदेशातून नवी यंत्रं आली, भल्यामोठ्या लाकडी खोक्यांतून. खोकी फोडली आणि मागच्या आवारात पांढऱ्या फळ्यांचा ढीग लागला. आमच्याकडे खोक्याच्या कुठल्याही लाकडाला नाव एकच, देवदार, आणि उपयोगही एकच, चूल पेटवणं. यंत्रं बसवायला आलेला गोरा फिटर मात्र जेवणाच्या सुट्टीत एक फळी मांडीवर घेऊन तिचा वास घेत बसला होता. मी विचारलं. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं चांगलं जमलं. तो म्हणाला, या ढिगात दोन झाडं आहेत, पाइन आणि स्प्रूस. त्याच्या गावच्या तळ्यावर स्प्रूसची वल्ही करतात, कारण ती वजनाला हलकी आणि ताकदीला पक्की.

मी कान टवकारले. ओळखायचं कसं, ते त्याने चाकूने खरवडून दाखवलं. पाइनला टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प येतो आणि त्याचा गाभा तांबूस असतो. स्प्रूस गाभ्यापासून सालीपर्यंत एकाच फिक्या रंगाचं, वास जेमतेम, आणि उन्हात तिरपं धरलं की अंगावर रेशमी झाक.

मालकांनी खुशाल न्या म्हटलं. मी स्प्रूसच्या फळ्यांतली सगळ्यात देखणी निवडली. तिच्यावर लाटांसारखी नक्षी होती, एखाद्या भारी साडीच्या पदराला शोभावी अशी. शेअर रिक्षातून निम्मी फळी बाहेर काढून घरी आणली. सगळा रस्ता लोकांची बोलणी खाल्ली.

"देवदाराचं वल्हं?" बाबा म्हणाले. "बाय, चुलीत घाल त्याला."

मी ऐकते कसली. त्यांचीच हत्यारं घेऊन, त्यांच्याच जुन्या वल्ह्याचं माप धरून मी नवं वल्हं तासलं. पाण्यात घालून जोर दिला आणि कट् करून दांड्यात मोडलं. बाबा हसलेही नाहीत. "न्हाय जमायचं," एवढंच म्हणून घरात गेले.

मोडका तुकडा घेऊन मी धक्क्यावर बसले. तुटल्या जागी लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने जायच्या सोडून तिरप्या बाहेर गेल्या होत्या. टोकाकडून पाहिलं तर त्या एकमेकींपासून लांब लांब. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी लाकूड दुकानातल्या साडीसारखं निवडलं होतं, दर्शनी बाजू बघून. अंगावरची नक्षी बघून भुलले होते आणि धागा बघायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर पिक ग्लास घेऊन ढिगावर गेले. प्रत्येक फळीच्या कापलेल्या टोकाला काच लावली. काहींत वर्षावर्षाच्या रेषा विरळ, काहींत घट्ट विणीच्या कापडासारख्या दाट. विरळ त्या बाजूला. मग कडेने एक रेष धरून बोट फिरवलं. ताण्याच्या, म्हणजे कापडातल्या उभ्या, धाग्यासारखी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे, मधेच बाहेर पडली की फळी नापास. कोपऱ्याची ढलपी काढून पाहिली, सरळ फाटते की वाकडी. वर बोटाने टकटक. बद्द आवाज आला तर तीही नापास. लूमवरचे कामगार मजा बघत उभे. एकजण म्हणाला, "दीदी, लकडी का भी थान चेक करती है क्या?"

"तुम्हारे थान से अच्छी है," मी म्हटलं.

सगळ्या ढिगातून एक फळी पास झाली. दिसायला अगदी साधी, नक्षी नाही, काही नाही.

घरी आणून मी बाबांच्या हातात काच दिली. त्यांनी फळीचं टोक उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. कडेवरून अंगठा फिरवला. मग फळी डाव्या हाताने उचलून तोलली, आणि पुन्हा तोलली.

"रंधा आन," ते म्हणाले. "माप मी सांगतो, हात तू चालव."

रविवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा ओहोटी जोरात लागली होती. बाबा थेट होडीत जाऊन बसले. अळशीच्या तेलाने वल्हं चमकत होतं. ओढीच्या उलट दिशेने त्यांनी होडी घातली, खाडीच्या मध्यापर्यंत नेली, वळवली, पुन्हा ओढीवर चढवली. खांदा थांबला नाही. वल्हं करकरलंसुद्धा नाही. मी धक्क्यावर उभी राहून रडत होते आणि हसतही होते, आणि कोण बघतंय याची मला फिकीर नव्हती.

ते काठाला लागले तसा तो माणूस म्हणाला, "मंग होडीचं कसं?"

"होडी न्हाय इकायची," बाबा म्हणाले. "बस, पलीकडं सोडतो तुला."

आणि खरंच सोडून आले. परत आल्यावर त्यांनी वल्हं माझ्यापुढे धरलं. लहानपणी मी हजारदा मागितलं होतं, आणि दर वेळी उत्तर एकच मिळालं होतं, जड हाय तुला.

"बस," बाबा म्हणाले. "आता जड न्हाय."