गिळलेली बोली

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मावशीचं राज्य होतं. साठ आदिवासी मुलींचा दोन वेळचा स्वयंपाक, पण कधी मीठ कमी नाही की भात कच्चा नाही. "जेवायला आलात की भांडायला?" अशी तिची एक हाक आली की रांग सुतासारखी सरळ. तोंडानं फटकळ, पण वाढताना हात सढळ. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. "साठ पोरी पुरे झाल्या की मला," म्हणायची.

एक गोष्ट मात्र तिनं कुणाला कळू दिली नव्हती. ती त्या मुलींच्याच डोंगरावरची होती. आठ वर्षांची असताना तिलाही असल्याच एका वसतिगृहात आणून सोडलं होतं. आईच्या आठवणीनं आईच्या बोलीत रडली, तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. रडायचं तेही यांच्या भाषेत! तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. पुढे इथं कामाला लागताना गाव दुसरंच सांगितलं. इथंही नियम तोच होता. मुलींशी त्यांच्या बोलीत बोलणाऱ्याला कामावरून काढायचे.

चिमणी म्हणून एक अकरा वर्षांची मुलगी होती. सुट्टीत तिला घरी नेणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती मावशीच्या मागे मागे असायची. एका दुपारी मटार सोलता सोलता, मान वर न करता, ती आपल्या बोलीत म्हणाली, "मला आता जगायचं नाही."

शेजारच्या कोठीत अधीक्षक बाई डबे तपासत होत्या आणि दार सताड उघडं होतं. आमटी ढवळणारा मावशीचा हात थांबला. मग ती वसतिगृहाच्या भाषेत म्हणाली, "काय बोलतेस? मला नाही समजत."

चिमणीनं तिच्या थांबलेल्या हाताकडे एकदा पाहिलं, मग उघड्या दाराकडे. उरलेले मटार सोलले, भांडं धुऊन ठेवलं आणि गेली. अगदी शहाण्या मुलीसारखी. काय जाळायचंय ते शहाणपण!

दोन दिवसांनी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. वेळेवर सापडली म्हणून वाचली. पण दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती कुणाशी अवाक्षर बोलेना.

"ती मोकळी झाली नाही तर पुन्हा असं करेल, ही भीती आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्या बोलीत बोलणारं कुणी आहे का?"

अधीक्षक बाईंनी नकारार्थी मान हलवली. मागे डबा घेऊन उभी असलेली मावशी म्हणाली, "मला येते. तिनं मला आधी सांगितलं होतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?" बाई कडाडल्या.

मावशी खाटेशी जाऊन बसली. चाळीस वर्षांत ती बोली ओठांवर आली नव्हती. जीभ अडखळत होती.

"पोरी, चुकले गं मी. मला सगळं कळलं होतं. बोल माझ्याशी."

चिमणीनं डोळे उघडले. आधी दाराकडे पाहिलं. तिथं बाई उभ्या होत्या. तिनं घाईघाईनं सलाईन लावलेला हात उचलून मावशीच्या तोंडावर ठेवला.

"हळू, मावशी," ती त्याच बोलीत कुजबुजली. "त्यांनी ऐकलं तर तुम्हाला काढून टाकतील."

मावशीला रडू आवरेना. मावशीला सगळं कळलंय हे पोरीला त्या दुपारीही ठाऊक होतं, आणि तिची नोकरी जाऊ नये म्हणूनच ती गुपचूप निघून गेली होती.