सुधारणा नाही

हजेरीपटात आमच्यासाठी शब्दच नव्हता. हजर, रजेवर, गैरहजर, आजारी एवढेच रकाने छापलेले. सीमेकडं कुमक पाठवायचा हुकूम आला तेव्हा मी लेखी दिलं, की मी माणसावर गोळी झाडणार नाही, बाकी सांगाल ते काम करीन. आमच्या सशस्त्र पोलीस दलातल्या कारकुनानं तो कागद दोनदा वाचला, डोकं खाजवलं आणि माझ्या नावापुढं 'आजारी' लिहून टाकलं. दुसरं काय करणार बिचारा! नवा रकाना पाडला असता तर त्यालाच जाब विचारला असता.

भरतीच्या वेळी शपथ घेतली होतीस ना, असं मला पुष्कळांनी सुनावलं. घेतली होती. तेव्हा वाटलं होतं, आपल्यावर कशाला वेळ येतीय? नोकरी पाहिजे होती, मी धावलो, निवडला गेलो. एवढा सरळ मामला होता. मैदानावर पुठ्ठ्याच्या माणसांना मी नेम धरून पाडलंही होतं.

असंच लिहून दिलेल्या आम्हा पाच आजाऱ्यांना पालीच्या पुढं, धरणाच्या वरच्या माळावर आणून ठेवलं. पत्र्याचं एक शेड, पाण्याची टाकी आणि शेकड्यांनी रोपं. पिशव्यांत माती भरायची, पाणी घालायचं, खड्डे घ्यायचे. मुरूम असा, की टिकाव उलटा अंगावर यायचा. धडधाकट माणसांकडूनही एवढं काम कुणी करून घेत नाही. वर उन्हाळा. सकाळी लावलेलं रोप दुपारी मान टाकायचं आणि हवालदार म्हणायचा, "दुसरं लावा बे." कपिलधारला दर्शनाला जाणारी माणसं पाणी प्यायला थांबत, आमच्या खाकी विजारी बघून विचारत, "तुमी पोलीस हाव का मजूर?" आम्ही टाकीकडं बोट दाखवायचो. तिकडं युद्ध चाललं होतं, आमच्या तुकडीतली पोरं तिकडं होती, आणि आम्ही लिंबाच्या रोपांना पाणी घालत होतो. आपण बरोबर आहोत हे मला ठाऊक होतं, पण त्याचा सकाळी उठायला काडीचा उपयोग होत नव्हता.

आजारी म्हटल्यावर डॉक्टर आलाच. दर सोमवारी तो जीभ बघायचा, नाडी बघायचा आणि खालच्या आवाजात विचारायचा, "गोळी चालवणार?" आम्ही नाही म्हणायचो. मग तो कागदावर लिहायचा, 'सुधारणा नाही'. पहिल्या दोन सोमवारी आम्ही पोट धरधरून हसलो. तिसऱ्या सोमवारी कुणी हसलं नाही.

आमच्यात एक माळकरी होता, पन्नाशीचा. खड्डा घेताना मुंग्या निघाल्या की त्या पानावर घेऊन बाजूला सोडायचा. पाचव्या सोमवारी तो डॉक्टरला म्हणाला, "चालवीन." त्याच्या पोरीचं जमलं होतं आणि पाहुणे विचारत होते, बाप कशानं आजारी हाय? डॉक्टरनं 'बरा' असं लिहिलं. तो वळकटी बांधत असताना मी त्याला तोंडावर भित्रा म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

घरीही कळवलं गेलं होतं, तुमचा मुलगा आजारी आहे म्हणून. एका दुपारी आई आली. घाटनांदूरहून दोन गाड्या बदलून, पुढचा माळ पायी तुडवून. आल्या आल्या तिनं कपाळाला हात लावला.

"कशानं पडलास बाबा? ताप तर न्हाई."

मी सगळं सांगितलं. लहानपणापासून रोज सकाळी चहाच्या आधी ती मला शेजारी बसवून पंचशील म्हणवून घ्यायची. त्यातलं पहिलंच, जिवाची हिंसा करणार नाही. मी म्हणालो, "तूच शिकवलंस की."

"शिकवलं व्हतं," ती म्हणाली, "पर तवा तुला नोकरी न्हवती."

माझ्या पगारामुळं ती आणि माझा बाप चार हंगाम ऊस तोडायला गेले नव्हते. हे तिलाही माहीत, मलाही.

"निसती हातात धर," ती म्हणाली. "चालवू नको."

"धरली की चालवावी लागते, आई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "आजार असता तर बरं झालं असतं रं. दवा तरी मिळाली असती."

पावसाळ्यात मला बडतर्फ केलं. घरी आलो तर आईनं गल्लीभर सांगून ठेवलेलं, पोराची तब्येत बिघडली म्हून धाडलाय. मला मऊ भात, मला सावलीत खाट. मी चिडलो. "कावून खोटं सांगतीस?"

"आजारी मानसाला कुनी हसत न्हाई," ती म्हणाली.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर दारात आला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसा आई-बापाचा कोयता ठरला होता. बापाचा गुडघा तेव्हा नीट वाकतही नव्हता. त्याच्या जागी मी जातो म्हणून मी गाठोडं उचललं. आईनं सगळ्यांदेखत ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि मुकादमाला म्हणाली, "त्याला न्हाई झेपत. डाक्टरनं आराम सांगितलाय." बापाला दोघांनी धरून वर चढवलं. मी पाच महिने खड्डे खणून पोसलेले दंड घेऊन खाली उभा होतो.

ट्रॅक्टर हलला. ट्रॉलीतून ती मोठ्यानं ओरडली, "गोळ्या टायमावर घी रं!"

घरात एकही गोळी नव्हती. पण गल्ली बघत होती, म्हणून मी मान डोलावली.