पाठमोऱ्या बापाचं शेवटचं वाक्य

त्या मालिकेत काही घडतच नसे. एका लहान गावातलं घर, पोस्टात नोकरी करणारा बाप, आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. गच्चीवर पापड वाळायचे, बाप सायकल पुसायचा, आई दाराआडून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. बस्स, एवढंच. माझी मुलं आता विचारतात, "त्यात बघण्यासारखं होतं तरी काय?" मला राग येतो. पण उत्तर द्यायचं तर बाबांपासून सुरुवात करावी लागते आणि तेवढं ऐकायला मुलांना वेळ नसतो.

आम्ही भिवंडीत, धामणकर नाक्यामागच्या एका चाळीत राहायचो. आमची भिंत आणि कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याची भिंत एकच होती. खडखडाट इतका की ताटलीतली वाटी आपोआप सरकायची. कारखान्याच्या मालकाचं घर समोरच होतं आणि मालकीणबाईंना आम्ही सगळे चाची म्हणायचो. टीव्ही फक्त त्यांच्याकडे. लाकडी दारांचा, काळा-पांढरा. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात, म्हणून शुक्रवार संध्याकाळची ती मालिका तेवढी आम्हाला ऐकू यायची. बाकीचे दिवस टीव्ही नुसता बघायचा, ओठ वाचत.

हे ओठ वाचणं बाहेरच्याला खरं वाटत नाही. लूमवर आवाजाने बोलून उपयोगच नसतो. कामगार तोंड मोठं उघडतो, ओठ नीट वळवतो आणि आवाज न काढता बोलतो. समोरचा चार लूम पलीकडून ते वाचतो. पुरुष ही सवय घरी घेऊन आले, मग बायकांना लागली, मग आम्हा पोरांना. शाळेत बाईंची पाठ वळली की आम्ही वर्गभर गप्पा मारायचो, चकार आवाज नाही.

बाबांना तर दुसरा इलाजच नव्हता. वीस-बावीस वर्षं लूमवर काढून त्यांचे दोन्ही कान गेले होते. हळू बोलायला गेले की नाक्यापर्यंत ऐकू जाई. पण ओठ असे वाचायचे की विचारू नका. आमच्या घरात गुपित बोलायचं तर पाठ फिरवून बोलावं लागे.

आणि त्या वर्षी आमच्या घरात गुपित होतं. माझी ताई.

बाबांनी ताईला हट्टाने शिकवलं होतं. तिला मास्तरीण करायचं, एवढं एकच डोक्यात. विहारात कुणी भेटलं की, "माझी पोरगी लूमचा आवाज ऐकणार न्हाय," हे ठरलेलं वाक्य. तिने डीएडचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं आणि कोर्टात जाऊन लग्न केलं, ते एका लूम कामगाराशी. मुलगा उत्तरेकडचा होता, निर्व्यसनी होता, तिला जपणारा होता. बाबांना त्यातलं काही दिसलं नाही. त्यांना फक्त लूम दिसला. "माझे कान घेतले, आता माझी पोरगी घेतली," असं ते एकदाच म्हणाले. मग ताईचं नाव घरात बंद झालं. ती राहायची टेमघरला, शेअर रिक्षाने दहा मिनिटांवर.

आई तिला बाजारात चोरून भेटायची. ताईला दिवस गेले तेव्हा आईची झोपच उडाली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे काय कुणी शिकवावं लागतं? ताईला सासू नव्हती. सातवा लागला, आठवा लागला. आई माझ्या खांद्याशी तोंड आणून, बाबांकडे पाठ करून म्हणायची, "पोरगी एकटी कशी गं बाळंत होणार? आणि हे तर दगड झालेत." मी तेव्हा दहावीला होते. मला बाबांचा इतका संताप यायचा की त्यांना जेवायला वाढताना मी मुद्दाम तोंड घट्ट मिटून ठेवायची. बहिऱ्या माणसाशी अबोला धरायचा तो असा.

तर मालिका. त्यातला मोठा मुलगाही बापाशी भांडून घर सोडून गेला होता. बाबा ती मालिका ज्या तऱ्हेने बघायचे तसं आमच्यात कुणीच बघत नव्हतं. चाचींच्या उंबऱ्यावर बसायचे, गुडघ्यांना हातांची मिठी मारून. पडद्यावर चेहरे समोर असले की त्यांना माझी गरज नसे. माणसं वळली, आडवी झाली, अंधारात गेली, की ते माझ्याकडे बघत. मी टीव्हीला अर्धी पाठ करून, त्यांच्याकडे तोंड करून बसायची आणि ऐकलेलं वाक्य ओठांनी सांगायची. पडद्यावरच्या त्या बापासाठी बाबांचा जीव तुटायचा. "लय सोसलं बिचाऱ्यानं," म्हणायचे, आणि मोठ्याने म्हणायचे म्हणून चाची दचकायच्या. आई माझ्याकडे बघायची. मी दुसरीकडे बघायची.

शेवटच्या भागाला चाचींच्या खोलीत मुंगीला जागा नव्हती. मुलाचं पत्र आलं होतं, मी येऊ का म्हणून. मालिकेतली आई पत्र घेऊन बापासमोर उभी राहिली. बाप उठला, खिडकीशी गेला आणि बाहेर बघत, आपल्याला पाठमोरा, बोलला. "इस घर में उसके लिए कोई जगह नहीं."

बाबांनी माझ्याकडे मान वळवली.

मी काही ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते. माझ्या डोळ्यांसमोर टेमघरची ती एक खोली होती, ताईचे सुजलेले पाय होते. मी तोंड उघडलं आणि ओठ नीट वळवून सांगितलं, "म्हणतोय, त्याला लिही, घरी ये."

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की खोलीतल्या सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघतायत. सगळ्यांनी टीव्ही ऐकला होता आणि सगळ्यांनी माझे ओठही वाचले होते. लूमवाल्यांच्या चाळीत खोटं बोलायचं, तेही ओठांनी, म्हणजे मूर्खपणाची कमाल! आईने पदराचं टोक तोंडात धरलं.

बाबांनाही शंका आली असावी. त्यांनी चाचींकडे बघितलं. चाची म्हणजे नमाज न चुकवणारी, खोट्याची चीड असलेली बाई. त्यांनी पानाचा विडा गालात सरकवला आणि बाबांना दिसेल असं सावकाश, बिनआवाजाचं म्हटलं, "हां भाईसाब. बुला लिया उसको."

पडद्यावर रिकामी गल्ली दिसत राहिली आणि मालिका संपली. बाबा उठून घरी गेले. इतर बायका मात्र महिनाभर, बाबांकडे पाठ करून, त्या लेखकाला शिव्या घालत होत्या. असा काय शेवट करतात मेले!

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टला जायच्या आधी बाबा टेमघरला गेले. तिथे काय झालं ते ताईने नंतर सांगितलं. ती दारात भांडी घासत होती. बाबा समोर येऊन उभे राहिले. आजूबाजूला माणसं होती आणि आपला आवाज केवढा येतो हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आवाज काढलाच नाही. नुसत्या ओठांनी म्हणाले, "घरी ये." ताई तशीच राखेच्या हातांनी रिक्षात बसली.

ताईला आमच्या घरी मुलगी झाली. ती मोठी झाली ती बाबांच्याच मांडीवर, कारण ताईने डीएड पुरं केलं आणि शाळेत लागली. पोरगी आधी ओठांनी बोलायला शिकली आणि मग आवाजाने, असं आई कौतुकाने सांगायची. बाबांचा जीव तिच्यात अडकलेला. माझा मात्र अडकला होता त्या खोट्यात. सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं, पण हिंमत झाली नाही. त्यांना वाटत होतं की आपल्यासारखाच एक बाप वाकला, म्हणून आपण वाकलो तर त्यात कमीपणा नाही. मी त्यांना फसवून वाकवलं होतं.

पुढे मंदी आली. भिंतीपलीकडचा कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले. चाळीत इतकी शांतता झाली की पहिले काही दिवस आईला घाबरल्यासारखं व्हायचं. बाबा घरी बसले. आमच्याकडे टीव्ही आला, मग केबल आली आणि एका दुपारी तीच मालिका पुन्हा लागली. लोकांनी पुन्हा तितक्याच जीवाने बघितली. शेजारची नवी सून, जिला चाचींच्या खोलीतली ती संध्याकाळ ठाऊक नव्हती, तीही त्या आईसाठी रडायची. मी तेव्हा लग्न होऊन राहनाळला होते, पण शेवटचा भाग कधी आहे ते मोजून मी त्या दुपारी माहेरी आले. का आले? बाबांच्या समोर असावं म्हणून. जे व्हायचं ते माझ्या देखत व्हावं.

पण बाबांसमोर, माझ्या जागेवर, ताईची सात वर्षांची मुलगी बसली होती. टीव्हीला अर्धी पाठ करून, थेट माझ्यासारखी. मी तिला पाणी आणायला सांगितलं, ती हलली नाही. पडद्यावरचा बाप उठला, खिडकीशी गेला. खोलीत ते वाक्य अगदी स्वच्छ ऐकू आलं. आईच्या हातातली निवडायची भाजी तशीच राहिली.

पोरीने आजोबांकडे बघून ओठ नीट वळवले. "म्हणतोय, या घरात त्याला जागा नाही."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी नजर खाली घातली नाही, एवढं मात्र केलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काय लपलं असेल त्यांच्यापासून? ओठ वाचणाऱ्या माणसाला चेहरा वाचता येत नाही थोडाच.

"न्हाय," बाबा पोरीला म्हणाले. "तो म्हणला, घरी ये."

"मी ऐकलं ना आजोबा!" ती चिडून, आवाज काढून ओरडली. "तो जागा नाही म्हणाला!"

बाबांनी तिला जवळ ओढून मांडीवर घेतलं आणि हळू बोलायला गेले, म्हणजे पार नाक्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

"तू हायस ना हितं? मग तो घरी येच म्हणला."