हौद्रीचं दुकान

आमच्या कापडाच्या दुकानात सगळं मिळायचं. इरकली साड्या, खण, धोतरजोड्या, परकराचं कापड, मुंजीचा पंचा, लग्नाचा शालू. मत तेवढं मिळत नसे.

दुकान धारवाडला सुभाष रोडवर. आजोबा मिरजेकडून इकडे आले ते डोक्यावर कापडाचं गाठोडं घेऊन, आणि गाठोड्याबरोबर त्यांनी एक नियमही आणला असावा. तो अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर पाळला. गादीवर बसलेल्या माणसाला मत नसतं. गिऱ्हाईक काहीही बोलो, कानडी असेल तर 'हौद्री' म्हणायचं आणि मराठी असेल तर 'खरं आहे'. हौद्री म्हणजे होय हो. अप्पांच्या तोंडी हा शब्द इतका बसलेला होता की झोपेत कूस बदलतानाही ते हौद्री म्हणत, असं आई सांगायची.

मला मात्र मतं होती. नुसती होती असं नाही, ती उतू जात होती. क्रिकेट, सिनेमा, राजकारण, कशावरही मला विचारा. पण विचारतो कोण? कॉलेज संपवून मी दुकानात आलो तेव्हा विशी नुकतीच ओलांडली होती. मला अप्पांच्या शेजारी गादीवर बसायचं होतं, आणि तेही माझं तोंड घेऊन. ते दोन्ही एकत्र जमेना, आणि त्यातच माझी सगळी उमेद खर्ची पडली.

निवडणुकीचे दिवस आठवतात. एका संध्याकाळी गादीच्या उजव्या लोडाशी एक वकील बसलेले आणि डाव्या लोडाशी एक अडत्या. वकील म्हणाले, या खेपेला सरकार जातंय. अप्पा म्हणाले, हौद्री. अडत्या म्हणाला, कसलं जातंय, उलट जास्त जागा घेऊन येतंय. अप्पांनी मान डावीकडे वळवली आणि म्हणाले, हौद्री. मधे चहा आला. दोघंही खूश होऊन उठले, अप्पांचं मत आपल्याच पेटीत पडणार या खात्रीनं. ते खरोखर कुणाला पडायचं हे आईलासुद्धा ठाऊक नव्हतं. माझं म्हणाल तर मला दोन्ही बाजू सारख्याच थापाड्या वाटत. मत मागायला येताना जोडलेले हात निवडून आल्यावर पुन्हा जुळलेले मी कधी पाहिले नाहीत. हे मी त्या दोघांच्या तोंडावर बोलायला तडफडत होतो, आणि हातानं मांजरपाटाचा तागा गुंडाळत होतो. पुढे आणीबाणीत सगळा देश गप्प बसला तेव्हा लोक म्हणायचे, बाजार कसा सुना सुना वाटतो. आमच्या दुकानात काडीचा फरक पडला नाही.

सिनेमाचा तर वेगळाच छळ. हिंदी सिनेमा आधी हुबळीला लागायचा, आमच्याकडे यायला त्याला कधी कधी महिने लागत. मला तेवढा धीर कुठला! बाजार बंद असायचा त्या दिवशी मी बस पकडून हुबळी गाठायचो, पुढच्या रांगेत मान वर करून सिनेमा बघायचो आणि परतताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला त्याचा पंचनामा ऐकवायचो. पन्नाशीला टेकलेला नायक वह्या छातीशी धरून कॉलेजला जातो, आणि पहिला नंबर आला म्हणून आईला मिठी मारतो! याचा मला संताप यायचा. नायकाचा मित्र मध्यंतरापर्यंत मरणार हे तो पडद्यावर आला की कळायचं, आणि बहुतेक वेळा तोच एकटा बरं काम करत असायचा.

आणि मग सोमवारी दुकानात बायका येत. "त्या पिक्चरात तिनं नेसलीय बघा, तसली साडी दाखवा." अप्पांनी तो सिनेमा पाहिलेला नसे, कुठलाच नसे. ते म्हणत, "हौद्री, लई छान पिक्चर." मी तो दोनदा पाहून आलेला, दोनदा कपाळ बडवून घेतलेलं, आणि तसली साडी उलगडून खांद्यावर लावून दाखवायचं काम माझ्याकडे. एकदा मी हळूच म्हणालो, "अक्का, साडी चांगली आहे, पिक्चरात काही दम नाही." अप्पांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यानंतर मी साडीपुरतंच बोलू लागलो.

पण राजकारण आणि सिनेमा मी गिळले. क्रिकेट गिळणं मला जमलं नाही.

दुकानात रेडिओ आणायला अप्पांची बंदी होती. ऐकताना हात थांबतात, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या पानवाल्याकडे मात्र रेडिओ होता, आणि बाहेर एक काळी पाटी, तिच्यावर तो खडूनं धावसंख्या लिहायचा. सामना असला की मला अर्ध्या अर्ध्या तासानं तहान लागायची. पाण्याचा माठ आमच्याच दुकानात होता, पण मी पानवाल्याकडे जायचो. मी कर्नाटकचा भक्त. नुसता भक्त नव्हे, कट्टर. शाळा इथली, मैदान इथलं, मी गोलंदाजी शिकलो ती इथल्याच लाल मातीत. मिरजेला चुलतभावांकडे गेलो की ते मला बघून म्हणायचे, "आला आमचा कानडी पाव्हणा," आणि मुंबईचं कौतुक सुरू करून मला पेटवायचे. मी तिथे एकटा सहा जणांशी भांडायचो, घसा बसेपर्यंत. परत धारवाडला आलो की बाजारात सगळे धरून चालायचे की मराठी म्हणजे हा मुंबईचा. मी एकदाही बोललो नव्हतो, तर त्यांना कळावं कसं?

आमचं एक मोठं गिऱ्हाईक होतं. मळमड्डीला राहणारे एक मामलेदार, नुकतेच रिटायर झालेले. उंच, काळी टोपी, हातात छत्री, आणि आवाज कचेरीतलाच. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचे, मला तम्मा म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत असे आणि ते ऐकवल्याशिवाय धोतराला हात लावत नसत. माझ्या आवडत्या फलंदाजाला ते 'स्वतःसाठी खेळणारा' म्हणत. अप्पा म्हणत, हौद्री. मी आतल्या आत जळायचो.

त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं आणि बस्ता बांधायला सगळं घर आमच्याकडे आलं. बस्ता म्हणजे लग्नाची एकूणएक कापडखरेदी एका बैठकीत. नवरीच्या शालूपासून सोयऱ्यांच्या टोप्यांपर्यंत. नऊ-दहा बायका गादीवर बसलेल्या, साड्यांचा ढीग गुडघ्याएवढा, चहाची दुसरी फेरी झालेली. नेमका त्याच दिवशी कर्नाटक आणि मुंबईचा सामना होता, आणि पाटीवर कर्नाटकची दैना चालली होती. मी दोनदा पाणी पिऊन आलो होतो. माझा चेहरा उतरला असणार.

मामलेदार बाहेर पाटी बघून आले, छत्री टेकवून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय रे तम्मा, आज तुमच्या घरी पेढे की! तुमची मुंबई जिंकायलीय." बायका हसल्या. मग ते अप्पांकडे वळले. "शेटजी, तुमच्या लोकांचं असंच हो. जेवायचं इथं आणि टाळ्या वाजवायच्या तिकडं."

अप्पा म्हणाले, "हौद्री."

इतर कशालाही त्यांनी हौद्री म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं.

"इल्री!" मी म्हणालो. म्हणजे नाही हो. त्या गादीवर हा शब्द बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला. तिथेच थांबायला हवं होतं, पण इतकी वर्षं साठलेलं एका शब्दात कसं संपणार? "मी मुंबई बघितलीसुद्धा नाही, साहेब. कर्नाटक हरलं की मला घास जात नाही. मी कुणाचा हे तुम्ही कोण ठरवणार?" आणि मग, बायकांच्या देखत, नवरीच्या देखत, मी म्हणालो, "आणि क्रिकेटमधलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही."

कुणीच हसलं नाही. मामलेदार माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांच्या पत्नी मात्र उठल्या, त्यांच्यामागे नवरी, मग बाकीच्या, आणि सगळा ताफा रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात चढला. मामलेदार सर्वांत शेवटी गेले, पायरीवर एकदा मागे वळून बघत.

अप्पा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पसरलेल्या साड्यांच्या घड्या घालायला बसले. मीही समोर बसलो. साडीची दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. बऱ्याच साड्या झाल्यावर मीच म्हणालो, "तुम्ही हौद्री कसं म्हणालात अप्पा? ते खरं होतं काय?"

"खरं कुठलं?"

"मग?"

"मी हौद्री म्हटल्यानं तू मुंबईचा झालास काय?" ते म्हणाले. "आपलं काय जातं रे म्हणायला? नीट धर, काठ जुळेना झालाय."

मी काठ जुळवला. दुसऱ्या दिवसापासून माझी जागा मागच्या कोठीत. तागे मोजायचे, गठ्ठे फोडायचे, पुढे यायचं नाही. अप्पांनी असं तोंडानं सांगितलं नाही, पण माझं गादीवरचं आसन उचलून ठेवलं होतं. मला कुणी बोलू नको म्हणत नव्हतं, आणि माझ्यासमोर बोलण्यासारखा माणूसच ठेवला नव्हता. दोन वर्षं मी तिथे काढली. रेडिओचा आवाज भिंतीतून यायचा, शब्द कळत नसत. नुसता गलका झाला की ओळखायचं, कुणीतरी बाद झालं. कोण ते कळायचं नाही. या दोन वर्षांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो अप्पांवर आहे की माझ्यावर हेही मला नीट सांगता येत नाही.

पुढे अप्पांचे गुडघे धरले, पायरी चढवेना, तेव्हा त्यांनी मला पुढे बोलावलं. मी गादीवर बसलो. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं काहीतरी वेडगळ बोलून दाखवलं आणि मी म्हणालो, हौद्री. अप्पा घरी आईला म्हणाले, "शिकला." आईनं त्या रात्री शिरा केला. मला तो गोड लागला, हे कबूल करायला हवं.

अप्पा गेले. समोरच्या दुकानात टीव्ही आला, सामन्याच्या दिवशी तिकडे झुंबड उडू लागली. पानवाल्याची पाटी कधी गेली ते कळलंही नाही. मी तिकडे पाणी प्यायला जाणं केव्हाच सोडलं होतं.

मामलेदार परत आले ते तब्बल दहा वर्षांनी, धाकट्या मुलीचा बस्ता बांधायला. वाकले होते, छत्रीऐवजी काठी आली होती, आवाज मात्र तोच. बायकांना साड्यांकडे बसवून ते माझ्या शेजारच्या लोडाला टेकले.

"काय तम्मा, समोर गर्दी बघितलीस? हल्लीच्या पोरांना बॅट धरता येत नाही," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"हौद्री," मी म्हणालो.

ते माझ्याकडे सरकले. मग म्हणाले, "तुझा तो लाडका फलंदाज. स्वतःसाठीच खेळला शेवटपर्यंत."

माझ्या घशाशी काय काय आलं! त्याची एकेक खेळी मला पाठ होती. कुठल्या खेळपट्टीवर, पडझड झालेली असताना, कसा उभा राहिला, सगळं. तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "हौद्री."

त्यांनी सरकारचा विषय काढला. मग सिनेमाचा काढला. मी सगळ्याला होकार देत गेलो, एका हातानं साडी उलगडत, दुसऱ्यानं सुपारीचं तबक पुढे करत. शेवटी त्यांनी काठी आडवी मांडीवर घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मी मुद्दाम या दुकानात आलो. घरचे तिकडंच चला म्हणत होते. कचेरीत जन्म गेला माझा, सगळे हौद्री साहेब, हौद्री साहेब. मला तोंडावर 'इल्री' म्हणणारा तू एकटा भेटलास बघ. आज जरा भांडावं म्हणून आलो होतो."

मला म्हणायचं होतं की साहेब, बसा, मी चहा मागवतो, आणि तुम्हाला त्या फलंदाजाबद्दल काडीचंही कळलेलं नाही. एवढंच म्हणायचं होतं. बायका साड्यांवरून बोलत होत्या, कुणाचंही आमच्याकडे लक्ष नव्हतं, आणि अप्पा तर समोर नव्हतेच.

"खरं आहे तुमचं," मी म्हणालो.

मामलेदारांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं. काठी टेकून ते बायकांकडे गेले. बस्ता मोठा झाला. दर साडीला हुज्जत घालणारा माणूस तो, पण त्या दिवशी एकाही साडीवर घासाघीस केली नाही. मी शालूचा भाव सांगितला. मुद्दाम जास्त सांगितला, निदान यावर तरी ते भांडतील म्हणून.

मामलेदार म्हणाले, "हौद्री."