शेजारच्या जहाजाची परवानगी
खोडदचा पोपट डिझेल मेकॅनिक होता. बेल्ह्याच्या बाजारात टेम्पोंची इंजिनं खोलता खोलता तो भरतीत निवडला गेला आणि थेट दक्षिण ध्रुवाकडच्या आपल्या तळावर जनरेटर सांभाळायला गेला. आई जानकाबाई येईल त्याला सांगायची, "माजा पोपट बर्फात इस्तू पेटवतोय."

सत्त्याण्णवच्या मार्चात ग्रामपंचायतीच्या फोनवर पोपटच्या बायकोला, रत्नाला बोलावणं आलं. जनरेटरच्या खोलीत भडका उडून पोपट भाजला होता. आपलं जहाज केव्हाच परतलेलं, समुद्र गोठत चाललेला. बर्फाच्या कडेला शेजारच्या देशाचं एक जहाज तेवढं उभं होतं. त्यावर डॉक्टर होता, हेलिकॉप्टर होतं.

"मग न्या की त्यांना तिकडं!" रत्ना ओरडली.

"बाई, दोन्ही सरकारांची परवानगी लागते. सध्या संबंध बरे नाहीत," फोनवरचा अधिकारी म्हणाला.

बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरलेली माणसंसुद्धा साप चावला म्हटल्यावर बॅटरी घेऊन धावतात, हे रत्नाने पाहिलेलं. ती तशीच गावाजवळच्या, आभाळातल्या लहरी टिपणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या छत्र्यांकडे पळत सुटली. गेटवर गावातलाच सोपान ड्युटीला होता.

"सोपानभाऊ, ह्यातनं त्या जहाजाला सांगा ना! मानूस जळालाय म्हनावं, कागद मागनं करा!"

सोपानला तिच्याकडे बघवेना. "वैनी, ह्या नुसत्या ऐकत्यात. बोलत न्हाईत."

रत्ना गेटला धरून खालीच बसली.

घरी जानकाबाई लुगडं नेसून तयार. "मला ओझरला न्ये. गनपतीला नवस बोलते."

"आत्या, आपुन सोडलं न्हवं ते सगळं? तुमीच सांगता, छप्पन साली बापासंगं दीक्षा घेतली म्हनून."

"घेतली. पर आज पोरासाठी मी कुनाच्याबी पाया पडंन."

परवानगी आली, पण तोवर बर्फाच्या भीतीने जहाज निघून गेलं होतं. पोपट वाचला नाही. तिकडं बर्फातच जपून ठेवलेल्या त्याला पुढच्या उन्हाळ्यात आपलं जहाज पेटीतून घेऊन आलं. चेहऱ्याची एक बाजू शाबूत होती, जणू कालच डोळा लागलेला. जानकाबाईने गालावरून हात फिरवला. "लई गार पडलाय गं," एवढंच ती बोलली.

बऱ्याच वर्षांनी गोव्यात शेजारी देशांची बैठक भरली. बर्फावर अडकलेल्या माणसाला जो जवळ असेल त्याने न विचारता उचलावं, असा करार व्हायचा होता. रत्नाला बोलायला बोलावलं. दारातच एक पिकल्या केसांचा माणूस पुढे आला. "बहेनजी, मैं उस जहाज का डॉक्टर हूँ. हेलिकॉप्टर तैयार था. हुक्म ही नहीं आया."

रत्नाचा हात उगारला गेला. पण तो लहान मुलासारखा रडत होता. हात तसाच खाली आला.

सभेत ती एवढंच म्हणाली, "मानूस जळत असताना आदी कुनाला इचारत बसायचं न्हाई, एवढं आज ठरवा. न्हाईतर मला इथं आनलंच कशाला?"

दुपारी मसुद्यातल्या एका शब्दावरून दोन देशांचं बिनसलं आणि बैठक सही न होताच उठली.

पायरीवर डॉक्टर रत्नाशेजारी येऊन बसला.

"अब उदर कोई जल गया, तो?" तिने मोडक्या हिंदीत विचारलं.

"फिर हुक्म का इंतजार," तो म्हणाला. रत्नाने पदराचा बोळा तोंडात कोंबला.