स्वस्तातला चार्जर

आमच्या दादरच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत ग्रेगरी अंकल राहतात. विमा कंपनीतून निवृत्त झालेत, आणि ‘हॅम’ आहेत. म्हणजे हौसेखातर रेडिओवरून बोलणारे. त्यासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना काढावा लागतो, हे त्यांचं मजल्यावर सगळ्यांना सांगून झालंय. रोज संध्याकाळी गॅलरीत उभे राहून, वॉकीटॉकीसारख्या सेटवर ते वडाळ्याच्या दीपक सामंतांशी बोलतात. दोघं तरुणपणापासूनचे मित्र. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय गुजगोष्टी चालल्यात! प्रत्यक्षात, “माझा आवाज कसा येतोय? ओव्हर.” “एकदम क्लिअर. माझा? ओव्हर.” वर्षानुवर्षं दोघं एकमेकांना ऐकू येतंय एवढीच खात्री करून घेतायत.

तर या सेटचा चार्जर जळाला. कंपनीचा नवा महाग, म्हणून अंकल स्वस्तातला शोधायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले. पहिला आणला, त्याचा दिवा बॅटरी लावायच्या आधीच हिरवा. दुसऱ्यात बॅटरी बसेना. रबरबँड लावून बसवली तर चार्ज होईना. तिसरा बरा वाटला, पण बॅटरी भरली तरी तो थांबेना.

“धोकादायक असतं ते,” अंकल मला समजावत होते. “जास्त चार्ज झाली की बॅटरी फुगते, पेटूही शकते. थांबायचं कधी, हे चार्जरला कळायला पाहिजे.”

“माणसांना तरी कुठं कळतं?” त्यांच्या पत्नी ओल्गा आंटी आतून म्हणाल्या. “रोज चालला बाजारात! अरे, दीपकला एक फोन कर ना. काळजी करत बसला असेल तो.”

“फोनवर काय, कोणीही बोलतं.”

“मग बसने जा वडाळ्याला.”

“चार्जर मिळाला की बोलतोच आहे.”

चार्जर काही मिळेना. संध्याकाळ झाली की अंकल बंद सेट हातात घेऊन गॅलरीत उभे राहायचे आणि वडाळ्याच्या दिशेनं बघायचे. जेवण कमी झालं होतं. आंटी मला हळूच म्हणाल्या, “चार्जर आमच्या याला लावायला पाहिजे.”

एका दुपारी दीपक सामंत स्वतःच जिना चढून आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी आणि पिशवी. मला गॅलरीत बघून थांबले, दम खात म्हणाले, “वहिनी, ग्रेगरी... आहे ना?” घरात आहे का, एवढंच त्यांना विचारायचं नव्हतं. मी घाईनं म्हटलं, “आहेत, आहेत! पेपर वाचतायत.”

अंकल दारात आले. “तू? आणि जिने कशाला चढलास?”

“सेट का बंद तुझा?”

“चार्जर गेला.”

“गाढवा! माझ्या जुन्या सेटचा जास्तीचा पडून होता घरी. मागायचास ना!”

“मागणार कसा? सेट बंद होता.”

यावर सामंतांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं! ‘आणि तुम्ही तरी फोन का केला नाहीत?’ हा प्रश्न मी गिळला.

सेट बंद का, हे न कळताच त्यांनी तो चार्जर पिशवीत घालून आणला होता. आंटींनी चहा केला. दोघं समोरासमोर बसले. अंकलनी पंख्याकडे बघितलं, सामंतांनी कपबशीकडे. “गुडघा?” “बरा आहे.” दोघांचा चहा संपला. शेवटी सामंत उठले. “चल, बॅटरी चार्ज कर. संध्याकाळी बोलू.”

“अहो, मग आत्ता काय करत होतात?” आंटींनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी मी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. सेट खरखरला.

“ग्रेगरी, आवाज येतोय? ओव्हर.”

“क्लिअर. ओव्हर.”

मग सामंतांचा आवाज आला, दुपारच्यापेक्षा बारीक. “मला वाटलं, तू गेलास. म्हणून फोनही केला नाही रे. ओल्गानं उचलला असता तर... ओव्हर.”

अंकलनी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

“नाही रे,” ते म्हणाले. “स्वस्तातला शोधत होतो. ओव्हर.”